चपला काढायची जागा

मागच्या आषाढात आईचा फोन आला. दरवर्षी ती लोणंद ते फलटण एवढे दोन टप्पे तरी माउलींच्या पालखीबरोबर चालते. या वेळी गुडघ्यांनी साथ दिली नाही, म्हणून तरडगावच्या मामाकडे ओट्यावर बसून तिने दिंड्या बघितल्या. बोलता बोलता तिने विचारलं, "तुमच्या तिकडे वारी असते का गं?" मी पटकन नाही म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र वाटलं की आपण न बघताच उत्तर दिलं. इंग्लंडमधल्या नॉरिच शहरात राहून मला सहा वर्षं झाली होती. जुन्या घरांच्या भिंती, छपरं, ओल तपासणं हे माझं काम. आजूबाजूच्या नॉरफोक परगण्यातल्या कितीतरी खेड्यांत मी त्या निमित्ताने गेले होते, पण वॉल्सिंगमला, तिथल्या जुन्या यात्रेच्या गावी, कधी उतरले नव्हते.

सप्टेंबरच्या एका शनिवारी सकाळच्या बसने फेकनमला गेले आणि तिथून उत्तरेला चालायला लागले. वॉल्सिंगम नऊ किलोमीटरच्या आतच आहे. पण माझं खरं ठिकाण त्याच्या एक मैल अलीकडचं होतं, हॉटन सेंट जाइल्स नावाच्या चिमुकल्या गावाबाहेरचं स्लिपर चॅपेल. मध्ययुगात लंडनहून आणि दक्षिणेकडून येणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवर अशी बरीच छोटी प्रार्थनामंदिरं होती. हे त्यांतलं शेवटचं. इथे मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती लोकांची मुख्य सामुदायिक प्रार्थना, ऐकायची, बूट काढायचे आणि उरलेला मैल अनवाणी जायचं, अशी रीत होती. आजही लोक ती पाळतात आणि त्या मैलाला पवित्र मैल म्हणतात.

एवढे लोक वॉल्सिंगमला का येत? परंपरा अशी सांगते की १०६१ साली रिचेल्डिस नावाच्या एका खानदानी स्त्रीला पवित्र मरियेचा दृष्टांत झाला. मरियेने तिला नाझरेथमधलं आपलं घर दाखवलं, देवदूताने येशूच्या जन्माची वार्ता सांगितली तेच घर, आणि तसंच घर इथे बांध असं सांगितलं. रिचेल्डिसने ते लाकडात बांधलं. बाराव्या शतकात त्याच्याजवळ संत ऑगस्टीनच्या नियमाने राहणाऱ्या धर्मगुरूंचा मठ उभा राहिला आणि पुढे हे इंग्लंडमधलं सगळ्यात मोठ्या यात्रांपैकी एक ठिकाण झालं. राजे येत, कुणबी येत. रात्रीच्या आभाळातल्या आकाशगंगेला लोक वॉल्सिंगमची वाट म्हणत. हे वाचलं तेव्हा मी वाचता वाचता थांबले होते. वाट इतकी पायाखालची झाली की लोकांना ती आभाळातही दिसायला लागली!

फेकनमपासून पाऊण तास चालल्यावर ईस्ट बार्शम लागतं. रस्त्याला लागूनच ट्यूडर काळातला विटांचा वाडा आहे, नक्षीदार धुराड्यांचा. १५११ च्या जानेवारीत इंग्लंडचा राजा आठवा हेन्री इथून अनवाणी वॉल्सिंगमला गेला असं सांगतात. राणी कॅथरीनला १ जानेवारीला मुलगा झाला होता, त्याचा नवस फेडायला. ते बाळ आठ आठवडेही जगलं नाही, २२ फेब्रुवारीला गेलं. आणि सत्तावीस वर्षांनी याच हेन्रीने वॉल्सिंगम मोडून टाकलं. ते पुढे येईलच. रस्त्याकडेला उभी राहून मी त्या धुराड्यांकडे बघत होते, आणि डोळ्यांसमोर मात्र जानेवारीतला चिखल आणि त्यातले एका एकोणीस वर्षांच्या बापाचे पाय येत होते.

बार्शमच्या पुढे रस्ता अरुंद होतो. दोन्ही बाजूंना उंच कुंपणाची झाडी, तिच्यात पिकलेली काळी ब्लॅकबेरी, पलीकडे कापणी झालेल्या गव्हाची धसकटं. समोरून मोटार आली की झाडीत अंग चोरून उभं राहावं लागतं. मग थोड्या उतारावर, काही ध्यानीमनी नसताना, उजव्या हाताला गवताच्या मोकळ्या जागेत ते चॅपेल दिसतं.

इतकं लहान! आतून लांबी एकोणतीस फुटांच्या आत, रुंदी बारा-साडेबारा फूट. आमच्या नॉरिचच्या घराची बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर मिळून जवळपास तेवढंच भरेल. बांधकाम १३४० च्या सुमाराचं. अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनच्या नावाने, कारण प्रवासी आणि यात्रेकरू तिला आपली रक्षक मानत. भिंती नॉरफोकच्या नेहमीच्या सामानाच्या, गारगोटीच्या. इथे जवळपास बांधकामाच्या दगडाची खाण नाही, शेतात सापडते ती गारगोटी. घडीव दगड लांबून आणावा लागे, म्हणून तो कोपऱ्यांना, दारांना आणि खिडक्यांनाच वापरलेला असतो. पण या चॅपेलच्या पश्चिमेकडच्या दर्शनी भिंतीवर कुणीतरी हात सैल सोडून खर्च केलाय. मधोमध दार, वर मोठी खिडकी, तिच्यात दगडाची जाळी, दोन्ही बाजूंना मूर्तींसाठी देवळ्या. वाटसरूंच्या थांब्याला एवढा साज कशाला, असा प्रश्न माझ्यातल्या तपासनिसाला पडला. उत्तर बहुधा असं असेल की हजारो लोकांच्या दृष्टीने हे वॉल्सिंगमचं महाद्वारच होतं.

स्लिपर या नावाबद्दल दोन मतं आहेत. स्लिपर म्हणजे पायात घालायची सपात, ती इथे काढायची, म्हणून नाव पडलं, हे एक. दुसरं असं की जुन्या इंग्रजीत दोन जागांमधल्या चिंचोळ्या वाटेला जो शब्द होता, त्याचं हे बदललेलं रूप, म्हणजे बाहेरचं जग आणि पवित्र भूमी यांच्या मधली जागा. मला दुसरं मत आवडतं आणि पहिलं पटतं.

मी लगेच आत गेले नाही. कामाची सवय अशी की आधी इमारतीला बाहेरून एक फेरी घालायची. ती घालताना मनात जे चाललं होतं, खरं तर त्यासाठीच मी हे लिहायला बसले.

१५३४ मध्ये हेन्रीने रोमच्या पोपशी संबंध तोडले आणि पुढे मठ बंद करायला सुरुवात केली. वॉल्सिंगमच्या लोकांना ते सहन होईना. १५३७ मध्ये तिथे बंडाचा कट शिजला. तो उघडकीला आल्यावर मठातला दोन क्रमांकाचा अधिकारी निकोलस माइलहॅम आणि इतर दहा जणांना देहदंड झाला. पुढच्या वर्षी मठ बंद झाला, मरियेची मूर्ती लंडनला नेऊन जाळली, मठाची जागा नव्वद पौंडांना विकली गेली. राजाच्या खर्चाच्या वहीत वर्षानुवर्षं वॉल्सिंगमच्या मरियेपुढच्या मेणबत्तीसाठी रक्कम पडत होती. १५३८ मध्ये त्या ओळीपुढे शून्य लिहिलंय.

आणि हे चॅपेल? यात्राच संपली, तिथे चपला काढायच्या जागेला कोण विचारतो? चॅपेलच्या इतिहासात या टप्प्याला एक वाक्य मिळतं: पुढे ते गरिबांचा निवारा, लोहारशाळा, गोठा आणि धान्याचं कोठार म्हणून वापरलं गेलं. मग परिच्छेद बदलतो आणि थेट एकोणिसावं शतक येतं.

त्या एका वाक्याने मला अस्वस्थ केलं. मी बोटांवर हिशेब केला. बांधल्यापासून १५३८ पर्यंत यात्रेकरूंचं चॅपेल म्हणून मिळाली सुमारे दोनशे वर्षं. १९३४ मध्ये पुन्हा यात्रा सुरू झाली, त्याला झाली नव्वदएक. मधली चारशेला चारच कमी! म्हणजे या वास्तूचं अर्ध्याहून जास्त आयुष्य दुसऱ्याच कामात गेलंय. या छपराखाली कुणीतरी म्हातारपण काढलं असेल, पोरं वाढवली असतील. कुणी घोड्याचे नाल ठोकले, कुणी पहाटे कंदील घेऊन गाय व्यायली का बघायला आलं. त्यांच्यातल्या एकाचंही नाव या वास्तूच्या गोष्टीत येत नाही. आणि ते वाक्य नेहमी हळहळीच्या सुरात लिहिलेलं असतं, जणू वास्तूला लागलेला कलंकच.

मी जुन्या इमारती तपासते, त्यामुळे मला ते वेगळं दिसतं. चॅपेल उभं आहे कारण त्याचा गोठा झाला. गोठ्याला छप्पर लागतं. गाय भिजली तर शेतकऱ्याचं नुकसान होतं, म्हणून तो कौल बदलतो, पन्हळ साफ करतो. छप्पर शाबूत असेल तर गारगोटीची भिंत शतकानुशतकं टिकते. एकदा वरून पाणी आत शिरायला लागलं की भिंतीच्या पोटातला चुना धुऊन जातो आणि थंडीत ते पाणी गोठून दगड सुटे होतात. मठाचं तेच झालं. एवढा मोठा मठ, पण कुणाच्या रोजच्या उपयोगाचा राहिला नाही, उपयोगाचा राहिला तो फक्त त्याचा दगड. तो लोकांनी नेला.

माझ्या आजोळी गावाबाहेर एक जुनं दगडी देऊळ होतं. गाभाऱ्यात मूर्ती नव्हती. मंडपात शेजारचा शेतकरी कडबा भरून ठेवायचा. मोठी माणसं त्यावरून त्याला बोलायची, देवळात कडबा भरतो म्हणून. मीही लहानपणी नाक मुरडलं होतं. पावसाळ्याच्या आधी तोच माणूस शिडी लावून वरचे पिंपळाचे कोंब उपटायचा, कारण मुळं आत घुसली की कडब्यावर पाणी गळायचं. पुढे त्याने पक्की शेड बांधली, देऊळ रिकामं झालं आणि काही वर्षांत मंडपाचा एक कोपरा बसला. हे मला नॉरफोकमध्ये, त्या चॅपेलच्या उत्तरेच्या भिंतीला हात लावून उभी असताना आठवलं. त्या माणसाला मी मनातल्या मनात नमस्कार केला. फार उशिरा, पण केला.

चॅपेल परत मिळवलं ते शार्लट पिअर्सन बॉइड या बाईंनी. जन्म १८३७ चा. अनाथ मुलांसाठी काम करायच्या आणि मोडलेल्या मठांच्या जागा विकत घेऊन त्या पुन्हा प्रार्थनेसाठी द्यायच्या, हा त्यांनी आयुष्यभर धरलेला ध्यास. केंटमधला मॉलिंगचा मठ त्यांनी १८९२ मध्ये असाच विकत घेतला. १८९४ मध्ये त्या कॅथलिक, म्हणजे पोपला मानणाऱ्या पंथाच्या, झाल्या. १८९६ मध्ये, चॅपेल शेतीच्याच वापरात असताना, त्यांनी ते खरेदी केलं. थॉमस गार्नर या वास्तुविशारदाकडून त्याची डागडुजी झाली. आणि मग? काहीच नाही. कॅथलिकांनी वॉल्सिंगमच्या मरियेचं नवं स्थान १८९७ मध्ये किंग्ज लिन गावात मांडलं. दुरुस्त झालेलं चॅपेल तसंच राहिलं. बाई १९०६ मध्ये वारल्या. आपण सोडवलेल्या जागेत यात्रा भरलेली त्यांनी पाहिली नाही. १५ ऑगस्ट १९३४ ला तिथे हेन्रीने यात्रा मोडल्यानंतरची पहिली मिस्सा झाली आणि चारच दिवसांनी इंग्लंडमधल्या कॅथलिकांचे प्रमुख कार्डिनल बोर्न यांच्याबरोबर दहा हजारांहून जास्त लोक आले. एकोणतीस फुटांच्या खोलीपुढे दहा हजार माणसं!

आत गेले. डोळे अंधाराला सरावायला थोडा वेळ लागला. वेदीच्या बाजूला मरियेची मूर्ती, सिंहासनावर बसलेली, मांडीवर बाळ. पाच-सहा माणसं बसली की खोली भरल्यासारखी वाटते. मी भिंतीकडेला बसले आणि डोळे आपोआप काजळी शोधायला लागले, लोहाराच्या भट्टीची एखादी खूण, दावणीचा एखादा खड्डा. मला काही सापडलं नाही. डागडुजी चांगली झाली आहे, आणि चांगल्या डागडुजीत हेही होतं. एखादी तरी कडी ठेवायला हवी होती असं मला मनापासून वाटलं.

बाजूला १९३८ मध्ये जोडलेलं एक छोटं चॅपेल आहे, मेणबत्त्या तिथे लावतात. तिथे लाल काठाची साडी आणि वर जाड स्वेटर घातलेल्या एक वृद्ध बाई मेणबत्त्या सरळ करत होत्या. श्रीलंकेतल्या जाफन्याच्या, तमिळ. वॉल्सिंगमला दरवर्षी तमिळ लोकांची मोठी यात्रा असते, केरळच्या सीरो-मलबार कॅथलिकांचीही. त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या बुटांकडे बघितलं.

"चालत जाणार? बूट काढून?"

"हो, अम्मा. बघू जमतं का."

"मोजे पण काढ," त्या म्हणाल्या. "मोज्यात खडा अडकतो. आणि रस्त्याच्या मधोमध नको चालूस, चाकं जिथून जातात तिथून चाल. तिथलं डांबर घासून गुळगुळीत झालेलं असतं."

इतका उपयोगी सल्ला मला त्या दिवसात दुसऱ्या कुणी दिला नाही. मी आईच्या नावाने एक मेणबत्ती लावली. त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही, पण माझी मेणबत्ती त्यांनी वाऱ्यापासून आत सरकवून ठेवली.

आवारात १९४८ च्या यात्रेतले ओकचे क्रूस उभे आहेत. युद्धानंतर इंग्लंडच्या वेगवेगळ्या भागांतून माणसं चौदा जड क्रूस खांद्यावर घेऊन चालत इथे आली होती. बाजूला मोठ्या समुदायासाठीचं नवं चर्च आहे. ते १९८० नंतरच्या वर्षांत बांधलं आणि त्याचा आकार नॉरफोकच्या धान्याच्या कोठारासारखा ठेवला आहे. इथे मी बराच वेळ रेंगाळले. एक चॅपेल कोठार झालं, त्याचं पुन्हा चॅपेल केलं, आणि शेजारी नवं चर्च बांधायची वेळ आली तेव्हा नमुना घेतला तो कोठाराचा. घेणाऱ्यांनी तो या मातीतला आकार म्हणून घेतला. मला मात्र त्यात त्या चारशे वर्षांची थोडी दाद दिसली. २०१५ च्या अखेरीस पोप फ्रान्सिस यांनी या स्थानाला बॅसिलिकेचा, म्हणजे विशेष महत्त्वाच्या चर्चचा, मान दिला.

फाटकापाशी बूट काढले, मोजेही काढले, नाड्या एकमेकींना बांधून गळ्यात अडकवले.

पहिली पन्नास पावलं मला वाटलं, हे आपल्याच्याने होणार नाही. सप्टेंबरातलं सकाळचं डांबर गार होतं, ओलसर होतं, आणि त्यावर गव्हाच्या ट्रॉल्यांतून सांडलेले दाणे आणि बारीक गारगोट्या. गारगोटीची कड काचेसारखी असते, भिंतीत किती छान दिसते! मी टाचा उचलून चालायला लागले, मग पोटऱ्या भरून आल्या. मग अम्मांचं ऐकलं आणि चाकाच्या पट्ट्यावर आले. खरंच फरक पडला. आई म्हणायची, "अनवाणी चालताना पाऊल ठेवायचं नाही, सोडायचं." मला ते कधी कळलं नव्हतं. आता कळलं: घाईने दाबून टाकलेलं पाऊल खड्यावर पडतं, सैल सोडलेलं पाऊल खड्याला वळसा घालतं.

बुटांनी वीस मिनिटांत संपणारी वाट मला जवळजवळ तासभर पुरली. एवढ्या वेळात एरवी दिसलं नसतं ते दिसलं. झाडीच्या मुळाशी गोगलगायींच्या कवचांचा ढीग. स्टिफकी नदीकडून येणारी गार झुळूक. एका ठिकाणी सावलीत शेवाळ होतं, तिथे पाय टेकवून नुसती उभी राहिले. मोटार आली की कडेच्या गवतात जायचं आणि गवतात खाजकुयलीसारखी आग करणारी पानं. दोनदा लागली. मागून एक तरुण जोडपं आलं, त्यांच्या पायांत बूट होते, माझ्या पायांकडे बघून दोघं काही न बोलता हळू चालायला लागली आणि थोडा वेळ माझ्या मागेमागेच राहिली. वारीत पुढच्याचं पाऊल अडखळलं की मागची रांग आपोआप मंद होते, तसं.

वॉल्सिंगममध्ये शिरताना रस्त्याला फरशा लागल्या. पायांना मऊ वाटलं! जुन्या मठाच्या जागी आता खाजगी बाग आहे, तिकीट काढून जाता येतं. हिरवळीवर मठाच्या पूर्वेकडच्या भिंतीचा एक उंच सांगाडा उभा आहे, दोन बाजूंना दोन बुरूज आणि त्यांना जोडणारी वरची कमान. मधल्या खिडकीतून आभाळ दिसतं. सुंदर आहे, त्याचे फोटो सगळीकडे असतात. मी गवतावर बसले आणि तळव्यातला एक खडा काढला. समोर कमान होती, पण मन मागच्या त्या बुटक्या चॅपेलकडेच जात होतं.

परतीच्या बसला वेळ होता, म्हणून गावाच्या टोकाचं जुनं रेल्वे स्टेशन बघायला गेले. ही लाइन १९६४ मध्ये बंद झाली. तीनएक वर्षांत स्टेशनच्या इमारतीत ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांनी संत सेराफिमच्या नावाने प्रार्थनागृह सुरू केलं. छपरावर एक छोटासा कांद्याच्या आकाराचा घुमट बसवलाय. बाकी इमारत पाहिली की आपल्याकडच्या एखाद्या आडवळणाच्या स्टेशनाचीच आठवण येते. इथे राहिलेल्या साधकांनी वर्षानुवर्षं पवित्र चित्रं रंगवली. आत मेणाचा वास होता. सोनेरी पार्श्वभूमीवर काळसर चेहरे. एका बाकावर कुणीतरी चष्मा विसरून गेलं होतं.

छपराचा कोपरा मी सवयीने तपासला. ओल नव्हती. पन्हळीत पानं साठली नव्हती, कुणीतरी नुकतीच साफ केली असावी.

बाहेर येऊन पायरीवर बसले, बाटलीतल्या पाण्याने पाय धुतले, मोजे चढवले, बूट घातले. मग आईला फोन लावला. तिच्याकडे रात्र झाली होती.

"असते," मी म्हणाले. "इकडे पण असते."

"किती चाललीस?"

"अनवाणी एकच मैल."

"पाय दाखव," ती म्हणाली, आणि मी बूट पुन्हा काढले.